अधिकातली आई

मंडळी, ऐका! मागच्यांना ऐकू येतंय का? नसेल तर पुढे सरका. माझा आवाज मुळातच लहान, आणि वयानं तो आणखी आखडलाय. उभा जन्म पोथ्या वाचण्यात गेला. चार माणसांसमोर उभं राहिलं की अजून ओळी विसरतो. तेव्हा मृदंगवाल्या बुवांना विनंती — मी अडखळलो की जरा जोरात वाजवा. लोकांना वाटेल, महाराज मुद्दाम थांबले!

तर प्रश्न असा. म्हातारे आईबाप लेकरांनी स्वतः सांभाळावेत की नाही?

काय म्हणता? सांभाळावेत! वा! सगळा मंडप एका सुरात! पहिल्या रांगेतून तर जरा जास्तच मोठ्यानं आलं — आईबाप शेजारीच बसलेत वाटतं!

बरं, आता दुसरा प्रश्न. सांभाळायचं म्हणजे काय करायचं?

झाली की नाही शांतता! वेळेवर भाकरी, वेळेवर गोळी, थंडीत पांघरूण — एवढं दिलं की सांभाळलं? अहो, गोठ्यातल्या गाईचंही आपण एवढं करतोच की! मग आईचं त्याहून वेगळं काय करायचं? मला विचाराल तर — खरं सांगू? मलाही नीट सांगता येत नाही. म्हणून एक गोष्ट सांगतो. तुम्हीच काय ते काढा त्यातून.

आधी एक ओवी. ओवी माझीच आहे, म्हणून एका पायानं लंगडते. टाळकऱ्यांनी हात धरून न्यावी — घरातली म्हातारी समजा!

देव ठेविला गाभारी, आई ठेविली ओसरी ।
कोणी दोघांना पुसेना, तुझी इच्छा काय तरी ॥

नदीकाठी सोनवळ नावाचं गाव. गावात लक्ष्मीनारायणाचं देऊळ, आणि देवळाची पूजाअर्चा गुरवांच्या एका घराकडे. त्या घरात तीन भाऊ. थोरला दिगंबर, मधला वामन, धाकटा सदाशिव — त्याला सगळे सदूच म्हणायचे. एक बहीण कुसुम, ती पलीकडच्या गावी दिलेली. वडील वारले. मागे राहिली आई, मथुराबाई. सत्तरी ओलांडलेली, पाठ वाकलेली, पण जीभ मात्र ताठ!

आपल्याला जायचंय ते दिगंबरच्या मागे मागे. कारण चूक त्याचीच.

माणूस वाईट नव्हता हो! उलट अतिशय शिस्तीचा. पंचांग तोंडपाठ. गावात कोणाची तिथी असो, मुहूर्त असो — ‘दिगंबरला विचारा.’ तर वडलांचं वर्षश्राद्ध झालं आणि दिगंबरनं भावांना बसवून एक यादी केली. तांबड्या शाईची चौकट, आत वळणदार अक्षर. चैत्र दिगंबर, वैशाख वामन, ज्येष्ठ सदाशिव, पुन्हा आषाढ दिगंबर... फाल्गुनापर्यंत चोख. ज्याचा महिना, त्याच्याकडे देवळाची पाळी. आणि ज्याच्याकडे देवळाची पाळी, त्याच्याच घरी आई! एकाच यादीत देव आणि आई. बघा, कल्पना चांगली की नाही? भांडण नाही, तंटा नाही. दिगंबरनं यादी देवळाच्या ओवरीत — यात्रेकरू उतरतात त्या खोलीत — खिळ्याला टांगली आणि चार पावलं मागं जाऊन बघितली — लग्न ठरलेल्या लेकीकडे बघावं तशी!

दर अमावास्येला संध्याकाळची आरती झाली की पाळी बदलायची. तुम्हाला ठाऊक असेल, देवाच्या वस्तू मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. ‘समया दोन. घंटा एक. ताम्हन एक. शंख एक.’ घेणारा शेवटी म्हणायचा — ‘मोजून घेतलं!’ मग तिघे जण जायचे आईकडे. तिथंही सवयीनं तेच! ‘पेटी एक. काठी एक. चष्मा एक. गोळ्यांचा डबा एक. आई —’

‘एक!’ मथुराबाई स्वतःच म्हणायची. ‘तपासून घे रे बाबा. मागच्या महिन्यात दोन दात होते, आता एकच आहे. मग म्हणशील, वामननं हरवला!’

हसता काय? तिघे भाऊही हसायचे. हसायचे आणि पेटी उचलायचे.

अशी दोन वर्षं गेली. पुढचा चैत्र गेला, वैशाख सरत आला. आणि वैशाखातल्या एका दुपारी दिगंबर पंचांग उघडून बसला असता त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या पानावर काय होतं?

अधिक ज्येष्ठ!

अरे देवा! साऱ्या गावाला तिथ्या सांगणारा हा गृहस्थ, यादी करताना अधिक महिनाच विसरला! बारा महिने वाटले, तेरावा राहिला! मंडळी, हुशार माणूस चुकतो ना, तो असा चुकतो.

आली अमावास्या. आरती झाली. तिघे भाऊ देवळाच्या पायऱ्यांवर बसले. वरच्या पायरीला टेकून, आपल्या पेटीवर आई बसली होती. वामनचा महिना संपला होता, म्हणून पेटी भरून तयार.

पहिला प्रश्न देवाचा. आता अधिकात देवळात काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको! दिव्यांनी उजळलेली वाणाची ताटं, नारळ, अनारशांचे ढीग. गुरवाच्या घरी महिनाभर गोड.

सदू म्हणाला, ‘यात बोलायचं काय? ज्येष्ठ माझा. अधिक ज्येष्ठ हाही ज्येष्ठच. देवाची पाळी माझी!’

दिगंबर म्हणाला, ‘असं कसं? अधिक हा वरचा महिना. वरचं ते थोरल्याचं. ही रीतच आहे.’

वामन म्हणाला, ‘माझी पाळी चालूच आहे की. समया तरी कशाला हलवायच्या?’

शेवटी ठरलं, दहा-दहा दिवस वाटून घ्यायचे. पहिले दहा सदूचे, मग वामनचे, शेवटचे दिगंबरचे. झालं. आता दुसरा प्रश्न.

‘आई?’ वामननं विचारलं.

सदू घसा खाकरून म्हणाला, ‘यादीत माझा ज्येष्ठ आहे, तो निज, म्हणजे खरा ज्येष्ठ. हा अधिक. हा निराळा!’

आहाहा! पाहिलंत? त्याच पायरीवर, त्याच तोंडानं! देवाच्या वेळी अधिक ज्येष्ठ हाही ज्येष्ठच, आणि आईच्या वेळी तो निराळा!

‘नाही म्हणत नाही मी,’ सदू म्हणाला, ‘पण ही बाळंतपणाला माहेरी गेलीय. करणार कोण?’

‘आमच्याकडे हिच्या बहिणीची माणसं उतरलीत,’ वामन म्हणाला. ‘आणि माझा महिना तर झालाच.’

दिगंबरनं वर पाहिलं, खाली पाहिलं. ‘मी नेली असती. पण कौलं उतरवलीत. पावसाच्या आत शाकारणी व्हायला हवी. धुरळ्यात आईला खोकला होईल.’

कोणीही ‘नको’ म्हणालं नाही हं! आपल्यात आईला नको कोण म्हणतं? छे! आपण फक्त ‘सोय नाही’ म्हणतो.

तेवढ्यात वरच्या पायरीवरून आवाज आला. ‘भांडू नका रे. देवाला दहा-दहा दिवस फिरवा, त्याला काय, त्याला जागचं उठावं लागत नाही! मला मात्र दहा-दहा दिवसांनी पेटी भरवत नाही. हा महिना कोणाचाच नाही ना? मग मी इथंच राहते, ओवरीत. तुमचे वडील उत्सवात इथंच निजायचे.’

‘आई, लोक काय म्हणतील!’ तिघे एकदम म्हणाले.

‘यादीत नाही म्हणून सांगा.’

आणि म्हातारी काठी टेकत ओवरीत शिरलीसुद्धा! दिगंबर ‘आई, थांब’ म्हणाला. पण पेटी त्यानंच उचलून आत ठेवली. उचलायची सवय होती ना!

दुसऱ्या दिवशी दुपारी ओवरीत एक डबा आला. मग दुसरा. मग तिसरा! तिन्ही घरांना लोकांची लाज. म्हातारीनं तीन डबे ओळीनं मांडले आणि देवळात येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवायला बसवलं.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी? एकही डबा नाही! दिगंबरला वाटलं, वामनचा असेल. वामनला वाटलं, सदूचा असेल. सदूला वाटलं, दोघे थोरले आहेत की! मंडळी, तिघांचं काम ते कोणाचं काम? बरोबर! कोणाचंच नाही.

संध्याकाळी दिगंबर सहज वामनच्या दारावरून गेला. ‘आज डब्यात काय दिलंत?’ ‘आज? आज तुमचा होता ना?’ झालं! दिगंबरच्या पायाखालची जमीन सरकली. तसाच धावत देवळाकडे निघाला. पन्नाशीचा माणूस, धोतराचा सोगा हातात, आणि मनात एकच — आई दिवसभर उपाशी! माझ्या यादीत एक ओळ नाही म्हणून आई उपाशी!

ओवरीच्या दारात पोचला, तर आतून लसणाचा वास! तीन दगडांची चूल पेटलेली, तव्यावर भाकरी, आणि म्हातारी पिठलं हाटत बसलेली. भिक्षा मागितली नव्हती. पूजेला आलेल्या कोणा बाईकडून पसाभर पीठ आणि बेसन उसनं घेतलं होतं.

‘आई, तू... तू जेवलीस?’

‘बसते आता. तू जेवलास का? तोंड बघ कसं झालंय! बस.’

‘नाही, मी घरी —’

‘बस म्हटलं ना!’

बसला. पहिला घास तोंडात घातला आणि हात थांबला. का थांबला असेल? मीठ जास्त झालं होतं? नाही हो! दोन वर्षांत आईच्या हातचं तो पहिल्यांदा जेवत होता. घरी आईला ताट मिळायचं, गरम मिळायचं, पण चुलीपाशी? ‘तुम्ही कशाला उठता, आत्याबाई, बसा.’ तिन्ही सुना चांगल्या! तिघीही तिला बसवायच्या. आणि ती बसायची.

आता पुरुषमंडळींना एक हळूच विचारतो. मघाशी आपण काय ओरडलात? ‘स्वतः सांभाळावेत!’ हे स्वतः म्हणजे कोण? आईच्या अंघोळीचं पाणी कोण तापवतं? पाय कोण चेपतं? अहो, तिकडे बघू नका, बायका हसताहेत! दिगंबरच्या घरीही हे सगळं त्याची बायको शेवंता करायची. दिगंबर काय करायचा? यादी!

तर गोष्ट पुढे. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. धोंड्याचं जेवण, तीस-तीन, म्हणजे तेहतीस अनारशांचं वाण. कुसुम आणि जावई तुळशीराम येणार म्हणून तिन्ही घरांत चढाओढ. वामनकडचे पाहुणे गेले, दिगंबरची कौलं दोन दिवसांत चढली! बघा, जावई यायचा म्हटलं की सोय कशी भराभर होते!

तुळशीराम पत्रावळी लावणारा, साधा माणूस. येताना वाटेत देवळात दर्शनाला थांबला आणि पाहतो तर सासूबाई ओवरी झाडतायत. कुसुमच्या डोळ्यांत पाणीच आलं. तुळशीराम मात्र दिगंबरच्या घरी पाटावर बसला, धोंडे खाल्ले — एक नाही, सात! मग दिगंबरनं हात जोडून विचारलं, ‘दाजी, वाण कोणत्या दिवशी द्यायचं? आणि वाणाबरोबर काय हवं? आज तुम्ही साक्षात नारायण. मागाल ते देऊ.’

तुळशीराम म्हणाला, ‘मागू?’

‘मागा की!’

‘मामींना द्या. इथं त्यांची पाळी कोणाकडे नाही, असं ऐकलं. आमच्याकडे यादीच नाही. येतील त्या, राहतील कायमच्या.’

शेवंताच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. सदू म्हणाला, ‘दाजी, तीन लेक असताना आई जावयाच्या दारात? गाव शेण घालील तोंडात!’

‘गावाला ओवरी दिसते की, सदूभाऊ.’

दिगंबर उठला. त्याला गावाची काळजी नव्हती — म्हणजे, होती हो, मी उगाच त्याला संत कशाला करू? पण त्याहून मोठं एक भय आत शिरलं होतं. आई ‘येते’ म्हणाली तर? पेटी तिची भरलेलीच असते. उचलली की गेली!

सगळे ओवरीत आले. तुळशीरामनं पुन्हा तेच मागणं मागितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. जावयाच्या कपाळावरून बोटं ओवाळली आणि म्हणाली, ‘तुमचं भलं होवो. पण जावईबापू, वाण देणारी मी. तुम्ही तर मलाच ताटात ठेवायला निघालात!’

‘तसं नाही, मामी —’

‘वाण मी देणार. माझ्या हातचे अनारसे करून. दोन वर्षांत मी तीन घरं फिरले. पडायला जागा तिन्हीकडे मिळाली, चूल एकीकडेही नाही. आधी वाण होऊ दे. मग येते की नाही, ते सांगते.’

अनारशांना वेळ लागतो, बायकांना माहीत आहे. तीन दिवस तांदूळ भिजायचा, मग सुकवून कुटायचा, गुळात मळून मुरू द्यायचा. म्हातारीनं तांदूळ भिजवला. म्हणजे दिगंबरच्या हातात किती दिवस उरले? आठवडाभर!

तो रोज संध्याकाळी ओवरीत येऊ लागला. पहिल्या दिवशी म्हणाला, ‘आई, माझ्याकडे चल. महिन्याची नाही, कायमची.’

‘म्हणजे पुन्हा मीच चल?’ म्हातारी म्हणाली. ‘चैत्रात तुझ्याकडे चल, वैशाखात वामनकडे चल, आता जावयाकडे चल. दिगू, तुम्हाला कोणाला पाय नाहीत का रे?’

याचं उत्तर पंचांगात नव्हतं! दिगंबर खाली बसला आणि आईचे पाय चेपू लागला.

‘हळू! घंटा घासतोयस की काय!’

दुसऱ्या दिवशी त्यानं नदीचं पाणी आणलं. तिसऱ्या दिवशी भिजला तांदूळ उपसून पसरला, चौथ्या दिवशी उखळात कुटला. पाचव्या दिवशी आईची पाठ दुखत होती, म्हणून भाकरी त्यानं थापली. म्हातारीनं ती उलटीपालटी करून पाहिली. ‘हा कोणत्या देशाचा नकाशा?’ म्हणाली — आणि सगळी खाल्ली. आणि खाताखाता सांगू लागली, ‘तुझे वडील अधिकात भावाभावांत पाळी लावायचेच नाहीत. तुम्ही तिघे लहान होतात. म्हणायचे, वाटून दिलेले बारा महिने आहेतच, हा वरचा. यात सगळे हजर. तुम्ही तिघे या ओवरीत ओळीनं निजायचात. सदू मधोमध.’

दिगंबरनं एवढी यादी केली, आणि आईला एवढं एक विचारलं नव्हतं.

वाणाचा दिवस उजाडला. तिघे भाऊ, घरी असलेल्या दोघी सुना, कुसुम, तुळशीराम, सगळे ओवरीबाहेर. आत चुलीपुढे म्हातारी, कढईत तूप, आणि शेजारी दिगंबर. पहिला अनारसा तुपात सोडला. आता अनारशाचं कसं असतं — नीट जमला तर जाळी पडते. बिघडला तर तुपात विरघळून पसरतो, त्याला म्हणतात अनारसा हसला. अनारसा हसला की करणारी रडते! म्हातारीनं झाऱ्यावर घेऊन उचलला — खसखशीनं मढलेला, जाळीदार, तांबूस!

‘कागद आण रे, तूप टिपायला.’

दिगंबरनं इकडेतिकडे पाहिलं. मग उठला, खिळ्यापाशी गेला आणि कागद काढून आईपुढे पसरला. तांबड्या शाईची चौकट. वळणदार अक्षर.

‘अरे, ही तर तुझी यादी!’

‘जाड आहे कागद. तूप चांगलं टिपेल.’

म्हातारीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चैत्रावर पहिला अनारसा ठेवला. मग वैशाखावर. मग ज्येष्ठावर. तूप पसरत गेलं, अक्षरं आधी ओली झाली, मग आरपार दिसू लागली.

दिगंबर मोजत होता, सवय ती! ‘एकतीस, बत्तीस, तेहतीस. पुरे, आई.’

आई थांबेना. ‘चौतीस, पस्तीस, छत्तीस. अगं, तीन जास्त झाले!’

‘होऊ देत की. तीन लेक आहेत माझे.’

वाण दिलं. जावयानं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, ‘मग मामी, माझं मागणं?’

‘मी इथंच बरी. माझी चूल आहे, देव शेजारी आहे. माझं कोणी करायचं असेल, तर त्यानं इथं यावं. तुम्हीही या. कुसुमलाही पाळी लावा — लेकी सुटल्या असं समजू नका!’

तिघा भावांत पहिला दिगंबर बोलला. ‘देवाचे शेवटचे दहा दिवस माझे आहेत. मी आजपासून निजायला इथंच येतो.’ आणि आला! शेवंताच्या सांगण्यावरून नव्हे, आपली उशी आपणच घेऊन.

आली पुन्हा अमावास्या. आरती झाली. उद्यापासून निज ज्येष्ठ, पाळी सदूची. देवाच्या वस्तू मोजून झाल्या. मग सदू सवयीनं पेटी उचलायला ओवरीत गेला, तर पेटी हलेना! उघडून पाहतो तर आत तांदूळ, डाळ, गूळ. म्हातारीनं तिचं कोठार केलं होतं.

‘पेटी राहू दे,’ ती म्हणाली. ‘असा उजेडात उभा राहा बघू. हं! सदाशिव एक. उशी एक. घोंगडी एक. घोरणं एक! पाय चेपायला हात दोन — बाबा, जरा मऊ आहेत, पण चालतील.’ मग देवाकडे तोंड करून म्हणाली, ‘मोजून घेतला!’

सगळे हसले. म्हातारी दिगंबरकडे वळली. ‘तुझी झाली रे पाळी. जा आता घरी. शेवंता वाट बघत असेल.’

‘जातो,’ दिगंबर म्हणाला.

आणि बसूनच राहिला. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, ‘अरे, जा की!’

‘जातो म्हटलं ना, आई!’

उठला नाही.

मंडळी, तो कधी गेला, ते मला ठाऊक नाही. मीही त्याला तिथंच सोडलाय. आता माझं काम एवढंच, की तुमच्याकडे वळायचं. घाबरू नका! तुम्हाला ओवरीत राहायला सांगत नाही. नोकऱ्या आहेत, शेती आहे, कोणाची मुलं दूर देशी आहेत. सगळ्यांना दहा दिवस जमेलच असं नाही. कोणाला माणूस ठेवावा लागतो, ठेवा. त्यात पाप नाही. पण त्या माणसानं सगळं केल्यावर आपल्या हातांना करायला काहीतरी शिल्लक ठेवा. एक वाकडी भाकरी का होईना! आणि करण्याआधी विचारा. आई, तुला काय हवंय? बाबा, तुम्हाला कुठं बरं वाटतं? दोन ओळींचा प्रश्न आहे हो. मी मोठमोठे ग्रंथ वाचले, पण माझी आई असेतो मला हा विचारायला सुचला नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय.

मघाशी मी विचारलं तेव्हा सगळा मंडप ओरडला — सांभाळावेत! आता पुन्हा विचारत नाही. उत्तर मला नकोच आहे. आरती झाली की घरी जा, आणि जी व्यक्ती दारात तुमची वाट बघत बसली असेल, तिच्यापुढे उजेडात उभे राहा. तिला मोजू द्या!

म्हणा, लक्ष्मीनारायण भगवान की — जय! हां, आता कसा, मागच्यांचाही आवाज आला!